ठेका कोणाच्या हाती

अधिक महिना लागला की मुलुंड, भांडुप, घाटकोपर, अंधेरी, बोरिवलीतल्या महिला भजनी मंडळांच्या वहीत मोकळी दुपार शोधावी लागते. २०२३ साली अधिक श्रावण आला, १८ जुलै ते १६ ऑगस्ट, आणि त्याला लागूनच निज श्रावण. म्हणजे सलग दोन महिने कधी दत्ताच्या देवळात, कधी सोसायटीच्या हॉलमध्ये, कुणाच्या वास्तुशांतीला, कुणाच्या सहस्रचंद्रदर्शनाला, तीन ते पाच किंवा चार ते सहा अशा वेळा धरून भजनं. या वेळा काही विठ्ठलाने ठरवून दिलेल्या नाहीत. दुपारची आवराआवर झाल्यावर आणि संध्याकाळचा कुकर लावायच्या आधी जेवढा वेळ हाती उरतो, तेवढ्यात उपनगरातलं बायकांचं भजन बसवलेलं असतं.

चित्र ओळखीचं आहे. एकसारख्या साड्या, पेटीवर एक जण, पुढे गाणारी एक किंवा दोघी, बाकीच्या टाळ घेऊन मागे धरणाऱ्या. नामाच्या गजराने सुरुवात, मग रूपाचे अभंग, पुढे गवळण, जमलं तर एखादं भारूड, शेवटी भैरवी आणि आरती. बाहेरच्या फळ्यावर ‘महिला भजनी मंडळ’ असं लिहिलेलं असतं. आणि बहुतेक वेळा या सगळ्यांच्या मधोमध एक पुरुष बसलेला असतो, पखवाजावर किंवा तबल्यावर. तरुण असेल तर दादा, वयाने मोठा असेल तर बुवा. तो कुर्ल्याला गाडीत अडकला, तर दहा जणी टाळ मांडीवर ठेवून दाराकडे बघत बसतात.

हे पुस्तक या मंडळांविषयी आहे. त्यांची स्थापना, वह्या, चाली, रुसवेफुगवे, स्पर्धा, सगळं पुढे येणारच आहे. प्रस्तावनेत मला बोलायचं आहे ते मुख्यतः त्या एका जागेविषयी, तबल्यामागच्या जागेविषयी. आपल्याकडे बाईचा गळा फार पूर्वी मान्य झाला. हात मान्य व्हायला फार वेळ लागला, आणि अजून तो पुरता झालेला नाही.

गळ्याची गोष्ट सांगायला नको. मुक्ताबाई, जनाबाई, सोयराबाई, निर्मळा, कान्होपात्रा, बहिणाबाई यांच्या रचना पुरुषांच्या भजनांतही मानाने म्हटल्या जातात. मुंबईच्या मैफिलींत केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांनी विसाव्या शतकात जे स्थान मिळवलं, त्याला तोड नाही. पण या थोर गायिकांच्या डाव्या-उजव्या हाताला कोण बसत असे, ते जुन्या छायाचित्रांत पाहावं. तबल्यावर पुरुष, सारंगीवर पुरुष. स्वर बाईचा, साथ पुरुषाची, ही वाटणी इतकी अंगवळणी पडली की ती वाटणी आहे हेच कोणाला दिसेनासं झालं.

याचा अर्थ बायकांच्या हातात लय नव्हती, असं कोणी म्हणू लागलं तर त्याला जात्यापाशी न्यावं. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी गावोगाव फिरून, बरोबरच्या कार्यकर्त्यांच्या मदतीने जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्या प्रचंड भांडारात साथीदार कुठेच नाही. खुंटा धरून फिरणारा हात हाच ठेका. दगडाची घरघर हाच षड्ज म्हणा हवं तर. मंगळागौरीतही तेच. झिम्म्याच्या टाळ्या, फुगडीचा पदन्यास, पिंगा, करवंट्या, सूप, लाटणं, जे हाती लागेल त्याचं वाद्य. भोंडल्यात पाटावरच्या हत्तीभोवती फेर धरणाऱ्या पोरींना मात्रा कोणी शिकवत नाही, आणि तरी कोणी चुकत नाही. लय होतीच, आणि ती वाजतही होती. फक्त तिला वाद्य म्हणत नव्हते.

अडचण होती ती चामड्याच्या वाद्याची. त्यात सोवळंओवळं आलं, विटाळाच्या कल्पना आल्या, देवळातल्या वाद्याला बाईने हात लावावा का हा प्रश्न आला. मांडी ठोकून बसायचं, पखवाज आडवा घ्यायचा, खांद्यातून थापी द्यायची, हे ‘बरं दिसत नाही’ हेही आलं. शिवाय तबला म्हटलं की बैठकीचं गाणं, बैठक म्हटलं की कलावंतिणी, आणि त्या वाटेला घरंदाज मुलींनी जायचं नाही, अशी ती साखळी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निव्वळ स्त्रियांच्या संगीत नाटक मंडळ्या निघाल्या, त्यांत पुरुषांच्या भूमिकाही बायकाच करत. पण त्या बहुतांशी कलावंत घराण्यांतल्या होत्या, आणि पांढरपेशा समाजाने त्यांच्याकडे पाहिलं ते नाट्यगृहातल्या खुर्चीतून, घरी बोलावलं नाही. यातला मला सगळ्यात गमतीचा वाटणारा भाग कणकेचा. पखवाजाच्या धुम्याला, म्हणजे डाव्या तोंडाला, भिजवलेली कणीक लावावी लागते. तिच्याशिवाय त्याला खर्ज येत नाही. घरात कणीक मळायची बाईने. धुम्याला लावायची मात्र पुरुषाने!

हे पहिल्यांदा मोडलं ते मुंबईत, आणि मोडणारी मराठी नव्हती, पारशी होती. डॉ. आबान मिस्त्री (१९४०–२०१२) यांनी तबल्याचं एकल वादन केलं, केकी जिजिना यांच्यासारख्या गुरूंकडे शिकून, पुरुषांच्याच मंचावर बसून. त्यांनी नुसतं वाजवलं नाही, पखवाज आणि तबल्याच्या घराण्यांचा आणि परंपरांचा धांडोळा घेणारा मोठा ग्रंथही हिंदीत लिहिला. याच शहरातल्या जरीन दारूवाला सरोद वाजवत आणि चित्रपटसंगीताच्या ध्वनिमुद्रणांत त्यांच्या सरोदला मागणी असे. पुढच्या पिढीत उस्ताद अल्लारखाँ आणि झाकीर हुसेन यांच्या शिष्या अनुराधा पाल यांनी १९९६ मध्ये ‘स्त्री शक्ती’ हा केवळ स्त्रियांचा वाद्यवृंद उभा केला, हिंदुस्थानी आणि कर्नाटक अशा दोन्ही पद्धतींच्या वादकांना एकत्र आणून. तिथे तबल्यामागे कोण बसणार हा प्रश्नच नव्हता. तबल्यामागे बसणारीनेच तो वृंद काढला होता. मला हा क्रम फार महत्त्वाचा वाटतो. गायिकेने वृंद काढला की ती साथीदार शोधते. तबलावादक बाईने वृंद काढला की पाया आधी येतो.

असंच काहीसं दूर न्यूयॉर्कमध्ये घडलं, आणि ते आपल्या उपनगरांच्या गोष्टीला इतकं जवळचं आहे की इथे सांगितलंच पाहिजे. आयर्लंडच्या पारंपरिक संगीतातही बायका घरात वाजवत होत्या. क्लेअर परगण्यात तर कॉन्सर्टिना हे छोटं भात्याचं वाद्य बायकांचंच समजलं जाई, चुलीजवळ वाजायचं. सार्वजनिक नाचाच्या बँडांत मात्र बहुतेक पुरुष. पोटासाठी अमेरिकेत गेलेल्या आयरिश लोकांनी हे संगीत बरोबर नेलं, आणि बापांनी ते मुलींना शिकवलं. लिमरिकचे संगीतकार आणि लोकसंगीताचे अभ्यासक मिक मोलनी यांच्या लक्षात आलं की अमेरिकेतल्या तरुण पिढीतले कितीतरी उत्तम वादक या मुलीच आहेत. १९८५ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कला फक्त स्त्री-वादकांच्या मैफिलींची एक मालिका भरवली. त्यातून ‘चेरिश द लेडीज’ हा वृंद उभा राहिला. नाव एका जुन्या नाचाच्या धुनेचं. त्याची धुरा सांभाळणाऱ्या जोनी मॅडन बासरी आणि टिन व्हिसल वाजवतात. वडील जो मॅडन गॉलवेहून आलेले अकॉर्डियनवादक. आणि लयीची बाजू, गिटार घेऊन, पहिल्यापासून मेरी कूगन यांच्याकडे. ठेक्यासाठी पुरुष बोलावलेला नव्हता.

इथे एक बारीक गोष्ट नोंदवायला हवी. मॅडन यांनी आदल्याच वर्षी, १९८४ मध्ये, अखिल आयर्लंड स्पर्धेत व्हिसलचं ज्येष्ठ गटातलं विजेतेपद मिळवलं होतं. या स्पर्धा भरवणारी ‘कोल्तस’ ही संस्था १९५१ची. स्पर्धेच्या परीक्षकासमोर बापाची मुलगी नसते, फक्त वाजवणारी असते. घरात ‘पुरे आता’ म्हणणारे पुष्कळ असतात. स्पर्धा ‘पुढची धून वाजव’ म्हणते. दार असं उघडलं.

आपल्याकडे हे काम दोन रुक्ष वाटणाऱ्या संस्थांनी केलं. एक म्हणजे अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा: प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद. उपनगरांतल्या किती मुलींनी आणि लग्नानंतर किती बायकांनी या परीक्षा दिल्या असतील! गायनाच्या तर दिल्याच, पण तबल्याच्याही दिल्या, कारण प्रमाणपत्र मिळणार म्हटल्यावर घरातून विरोध थोडा नरमतो. दुसरी म्हणजे १९५३च्या कायद्याने उभं राहिलेलं कामगार कल्याण मंडळ. त्याच्या भजन स्पर्धांत महिलांचा गट वेगळा असतो. अशा स्पर्धांत गायनाइतकंच साथीकडेही पाहिलं जातं, आणि मग ‘आपल्यातलीच कोणी वाजवणारी हवी’ हा विचार प्रथमच भक्तीचा न राहता डावपेचाचा होतो. मला तो डावपेच आवडतो. भक्तीच्या नावाखाली जे वर्षानुवर्षं टळलं, ते चषकाच्या हव्यासाने झालं असेल तर विठ्ठलाची त्याला हरकत नसावी.

पण मुळात ही मंडळं उपनगरांतच एवढी का फोफावली? याचं उत्तर गिरणगावात आहे. परळ-लालबागच्या चाळींतलं भजन पुरुषांचं होतं. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या गिरणी कामगारांनी ते गावाहून आणलं, रात्रपाळी-दिवसपाळीच्या फटीत जोपासलं. त्याच परंपरेतली डबलबारी, समोरासमोर दोन बुवा, प्रश्नाला प्रश्न, गजराला गजर, पहाटेपर्यंत. बायका गॅलरीत उभ्या राहून ऐकत. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि तो संप, नीट सांगायचं तर, मिटलाच नाही. कुटुंबं विखुरली, भांडुप, कांजूर, मुलुंड, बोरिवली, दहिसर, आणखी पुढे डोंबिवली. खोली जरा मोठी मिळाली, पण कामाचं ठिकाण लांब गेलं. पुरुष सकाळी सातला घराबाहेर, रात्री नऊला घरात. चाळीतल्या रात्रीच्या भजनाला लागणारा मोकळा पुरुष उपनगरात उरला नाही. दुपारी इमारतीत होत्या त्या बायका, आणि त्यांना सगळ्या चाली पाठ होत्या, गॅलरीत उभं राहून पाठ झालेल्या.

ज्या नोकरीला जात होत्या त्यांनी भजन गाडीत नेलं. पश्चिम रेल्वेने ५ मे १९९२ रोजी चर्चगेट–बोरिवली मार्गावर महिला विशेष लोकल सुरू केली. लेडीज डब्यातलं भजन त्याआधीही होतं, नवरात्रातला भोंडलाही. या डब्यात तबला नेता येत नाही. पुरुषाचा तर प्रश्नच नाही. तिथे ठेका टाळ्यांचा, छोट्या टाळांचा, फार तर खंजिरीचा. आणि भजन होतं, अंधेरीपासून दादरपर्यंत उत्तम होतं. ज्या बाईला वाटत असे की साथीशिवाय आपलं गाणं उभं राहणार नाही, तिला याहून चांगला पुरावा कुठला?

आता थोडं तांत्रिक, कारण त्याशिवाय या जागेचं महत्त्व कळत नाही. संगीत भजनात ठेकेवाला मागे नसतो, तोच गाडी हाकतो. साधा आठ मात्रांचा भजनी ठेका किंवा धुमाळी चालू असते. कडवं संपून ध्रुवपद आलं की तो लग्गी लावतो, लय चढते, टाळ दुणीत जातात, गजर होतो. लय किती चढवायची आणि कुठे सोडायची हे त्याचा हात ठरवतो. बाहेरून आलेला, तालमीला न आलेला वादक इथे आपल्या बोटांची करामत दाखवतो आणि साठीच्या चार जणींना धाप लागते. बायका सवयीने त्याच्या मागे धावतात, कारण त्याला थांबवायचं कसं हे कोणी शिकवलेलं नसतं. दुसरी गोष्ट पट्टीची. बायकांचा गळा साधारण काळी चार-पाचला खुलतो, पुरुषाचा काळी एक-दोनला. काळी चारच्या तबल्याचं तोंड काळी एकच्या तबल्याहून मोठं असतं. वाद्यच वेगळं लागतं. वादक स्वतःचा, पुरुषांच्या साथीला लागणारा तबला घेऊन येतो, गठ्ठे ठोकून तो फार तर स्वर-दोन स्वर सरकतो, आणि मग बायका ‘जरा खाली घेऊ’ किंवा ‘जरा वर जमेल’ म्हणत आपला गळा त्याच्या तबल्याला जुळवतात. मंडळाचा स्वतःचा, आपल्या पट्टीचा तबला असणं ही वरवर किरकोळ खरेदी आहे. प्रत्यक्षात कोणी कोणाला जुळवून घ्यायचं याचा तो निर्णय आहे.

यावर अलीकडे एक पळवाट निघाली आहे, इलेक्ट्रॉनिक तबला किंवा मोबाइलमधलं ॲप. बटण दाबलं की ठेका सुरू. त्याची गाडी चुकत नाही, त्याला मानधन नको. माझं मत विचाराल तर ही पळवाट जुन्या अडचणीपेक्षा वाईट आहे. दादा निदान गाणारीच्या तोंडाकडे बघतो, तिचा श्वास संपला की थांबतो. यंत्राला गवळण आणि आरती यांतला फरक कळत नाही. आणि यंत्र आल्यावर ‘आपल्यातल्या कोणाला तरी शिकवू’ ही निकडही संपते. तानपुऱ्यासाठी यंत्र घ्या, त्याबद्दल तक्रार नाही.

देवळातून रंगमंचावर गेलं की चित्र पुन्हा बदलतं. मुलुंडचं कालिदास, बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे, पार्ल्याचं दीनानाथ अशा नाट्यगृहांत महिलांचे भजनाचे, मंगळागौरीचे, अभंगवाणीचे कार्यक्रम होतात. तिथे दहा टाळ माइकसमोर आले की शब्द बुडतात, मागच्या रांगेला ध्रुवपद ऐकू येत नाही, आणि मंडळाला पहिल्यांदाच कळतं की देवळातल्या भिंती किती सांभाळून घेत होत्या. मग टाळ चौघींकडेच, बाकीच्यांचे हात रिकामे. रिकामे हात घेऊन बसणं बायकांना जड जातं हे मी अनेकदा पाहिलं आहे.

उपनगर म्हणजे फक्त वारकरी भजन नव्हे, हेही वाचकाने ध्यानात ठेवावं. घाटकोपर-मुलुंडला गुजराती सत्संग मंडळं दुपारी याच वेळेला बसतात, ढोलक आणि मंजिऱ्या घेऊन. वेसाव्याच्या कोळीवाड्यात हळदीची गाणी बायकांचीच. घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरासारख्या वस्त्यांत बुद्धवंदना आणि भीमगीतं यांची परंपरा आहे, तिचा आवाज वेगळा, तिचा राग वेगळा. औरंगाबादच्या कडूबाई खरात एकतारी घेऊन भीमगीतं गातात आणि मोबाइलमुळे घराघरांत पोहोचल्या. त्यांच्याकडे पाहावं: सूरही त्यांच्याच हातात, लयही त्यांच्याच बोटांत. मैफलीला आणखी कोणाची वाट पाहायची नाही. भजनी मंडळांतल्या पांढरपेशा बायकांनी या वाटेकडे फारसं पाहिलं नाही, त्याची कारणं संगीताबाहेरची आहेत आणि ती सगळ्यांना ठाऊक आहेत.

पुरुष बुवांविषयी मी कडवट लिहितो आहे असं वाटू नये. उपनगरातल्या कितीतरी मंडळांना उभं केलं ते अशाच बुवांनी, कारखान्यातून सुटून, आठवड्यातून दोनदा फुकट शिकवून, चाली लिहून देऊन. न्यूयॉर्कची ती मालिकाही एका पुरुषानेच भरवली होती. फरक इतकाच की मोलनी यांनी मंच दिला आणि ते बाजूला झाले. आपले बरेचसे बुवा चाली शिकवतात, पेटी शिकवतात, टाळाचे हात शिकवतात. पखवाज शिकवायची वेळ आली की मात्र ‘तो मी आहेच की’ म्हणतात. प्रेमानेच म्हणतात.

आणि आता पैशाचं, कारण त्याविषयी या मंडळांत कोणी मोठ्याने बोलत नाही. भजनाला बोलावणारं घर किंवा देऊळ मंडळाला नारळ, ओटी, चहा-पोहे आणि एक पाकीट देतं. वादक बाहेरचा असेल तर त्याचं मानधन आधी ठरलेलं असतं आणि त्या पाकिटातून ते आधी वळतं होतं, रिक्षाचं भाडंही. उरलेलं मंडळाच्या खात्यात जातं, टाळ-साड्यांसाठी, आषाढीच्या पंढरपूरच्या बससाठी. गाणाऱ्यांना काही मिळत नाही, कारण त्या ‘सेवा’ करतात. एकच काम, एकच दुपार, एकाला व्यवहार आणि दहा जणींना पुण्य. ज्या मंडळांत तबल्यावर बाई बसू लागली, तिथे लगेच नवा पेच आला: तिला मानधन द्यायचं की तीही सेवाच करणार? काही मंडळांनी दिलं, काहींनी तिलाही साडीवर भागवलं. काही ठिकाणी मात्र तिला द्यायचं ठरल्यावर पेटीवालीने विचारलं, मग मला का नाही, आणि तिच्यापाठोपाठ पुढे गाणारीने. त्या मंडळांच्या हिशेबाच्या वह्या कशा बदलल्या, ते पुढच्या प्रकरणांत त्या बायकांच्याच तोंडून वाचावं.